उतरलेले अंगरखे

चैत्र शु. १०
सकाळी चकलांब्याच्या वाटेपासून ओढ्यापर्यंत सगळं कुरण पायाखाली घातलं. हरणांतले काळे नर तीनच. माघात मी स्वतः अकरा मोजले होते. तसं लेखी कळवलंही, हैदराबादेला, आमच्या जहागीरदार सरकारांना. त्यावर त्यांनी अकरा पाहुण्यांना आवतण दिलं, एकेकाला एकेक काळवीट. शिकार एरवी थंडीतली. यंदा पाहुण्यांच्या सोयीने अक्षय्य तृतीयेला.
मी दिवाळीनंतर इथं कुरणाचा दरोगा म्हणून आलो. त्याआधी वीस वर्षं गेवराईत दफ्तरं बांधली, हरणातलं मला काय कळतं? माझ्या आधीच्या दरोग्याला सरकारांनी एका पाडसापायी चाबकाने झोडलं होतं म्हणे.

शु. १३
आज एकच काळा.
राखणदार भिका पारध्याला गाठलं. चार वर्षांपूर्वी पारध्यांना शिकार बंद झाली तेव्हा यानेच फासे सोडून राखण पत्करली. बदामी, म्हणजे कोवळ्या, नराला कुणी हात लावायचा नाही. पाठ काळी होईतो थांबायचं, मग सरकारांनीही वर्षाला दोनच मारायचे. गवताचा तिसरा हिस्साच कापायचा. हे सगळं त्याचंच डोकं, सरकारांनी नुसता शिक्का मारला, आणि यंदा स्वतःच विसरले.
"काळे कुठं गेले बे?"
हसला. "जात्यात कुठं? अंगरखे उतरले त्यांचे." आणि कुरणात शेरडं घुसली म्हणून ओरडत पळाला.
अंगरखे उतरले! म्हणजे कातडी सोलली. आणि हसून सांगतो!

शु. १४
पोलिसांच्या अमीनसाहेबांना चिठ्ठी दिली: राखणदाराने दहा काळविटांची कातडी उतरवल्याचे कबूल केले. आपली मान वाचावी, दुसरं डोक्यात काही नव्हतं. दुपारी भिकाला दोरी लावून गेवराईला नेलं. माझ्याकडे पाहिलं त्याने.

चैत्र व. ४
भिकाची बायको सुगंधी दोन दिवस चावडीसमोर बसून होती. आज उठली, "दादा, चला," म्हणाली. का कोण जाणे, गेलो मागोमाग.
कुरणात बदामी कळप चरत होता. "रंग नगा बघू. शिंगं बघा, जाणत्याला चार-पाच पीळ."
पीळ मोजले. चार. चार. पाच. फाटक्या कानाचा, माघात सगळ्यांत काळाभोर होता तो, तोही त्यातच. अकराच्या अकरा.
"दरसाल उन्हाळ्यात काळं उतरतंय, मिरगानंतर पुन्यांदा चढतंय. तुमाला ठावंच न्हाई?"
मी गवतातच बसलो. काय करून बसलो मी!

व. ५
गेवराई. अमीनसाहेब म्हणाले, तुमचा पारधी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. दोन मिनिटं भेटू दिलं. भिकाच्या पाठीवर वळ.
"सांग ना बे, जिवंत हायेत म्हणून! सुटशील."
"आन् मंग? आकरा बंदुका यायल्यात, साहेब. समदे मोठे नर एका दिसात जातील. कळपात नुसती पोरं उरतील. चार साल राखलंय म्या. तुमी बी गप ऱ्हा."
गप्प राहतो म्हणालो नाही. सांगतो असंही नाही.

अमावास्या
"जेवत कावून न्हाई?" बायको तिसऱ्यांदा विचारून गेली. तिला काय सांगू? खरं सांगितलं तर भिका सुटेल, पण नर जातील, आणि खोटी फिर्याद दिली म्हणून माझं काय होईल ते... नाही सांगितलं तर नर वाचतील, मीही वाचेन, आणि भिका...
माझ्यापुरतं लिहितो. भिकाने गप्प राहायला सांगितलं तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. त्याची लाज वाटते. भीती तरीही जात नाही.

वैशाख शु. ३
तंबू पडले. सरकार घोड्यावर, मी लगामापाशी. ओढ्यापलीकडे तोच कळप, गोळीच्या टप्प्यात.
"काला एक भी नैं?"
"नाही, सरकार." खोटं तरी कुठं बोललो?
पाहुणे मागे कुजबुजत होते. सरकारांचा चेहरा लाल. "कल सुबह उस पारधी कू यां लाओ. चमडे कां हैं बताएगा. नैं तो उसीच का उतारतूं."
फाटक्या कानाच्या नराने मान वर केली. आमच्याकडेच बघत होता. पळ की मेल्या, पळ. पळाला नाही. चार वर्षांत त्यांची माणसाची भीतीच गेलीय. सगळी मलाच आलीय.
माझं तोंड उघडलं.
"क्या?" सरकार म्हणाले.
"काही नाही, सरकार."
भिकाला आणायला शिपाई निघाला. उद्या उन्हं वर येण्याआधी दोघं पोचतील.