टिटवीची चार अंडी

युसूफ वडगाव,
१९ मे २०२४

प्रिय धनू,

तुझं पत्र पोचलं. आमचं ठीक आहे. तुझ्या भाऊजींची तब्येत बरी आहे, जेवण थोडं कमी झालंय एवढंच. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

अंगणात टिटवीनं चार अंडी घातली होती. घरटं म्हणावं तर काहीच नाही, उघड्या मुरमात खड्यांचं एक कडं. पक्षी मात्र ऐटबाज. लांब पिवळे पाय, काळी छाती, डोळ्यापुढं लाल मांसाची पट्टी. ऊन फार झालं की मादी हौदात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायची. कुत्रं, शेळी, माणूस, कुणीही जवळ आलं की दोघं डोक्यावर घिरट्या घालत ओरडायची. हे पलंगावरून म्हणायचे, "ओरडू दे. सोबत आहे."

पण शेजारी शेळ्या पाळणाऱ्या छबुबाई रोज बांधावरून ऐकवायच्या, "बाई, टिटवी लई वरडायली घरावर. माणूस नेती ती. अंडी फेकून द्या."

मी म्हटलं, "मग गावात रोज तिरडी बांधावी लागेल. टिटव्या काय कमी आहेत?"

"तुमी शिकल्याल्या. पर मरणाला शाळा नसती."

संताप आला. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आपल्या डोक्यातून असल्या गोष्टी काढल्या, मी जन्मभर शाळेत पोरांच्या डोक्यातून काढल्या, आणि ही मला शिकवणार.

मंगळवारी यांना लातूरला नेलं. डॉक्टर तरुण होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, आता घरीच ठेवा, आवडेल ते खायला द्या.

परत आल्यावर यांना आत झोपवलं आणि अंगणात गेले. चारही अंडी पदरात घेतली आणि नाल्यात टाकून आले. दोघं नाल्यापर्यंत माझ्या डोक्यावर ओरडत आली.

हो, मीच.

टिटव्या दोन दिवस रिकाम्या कड्याभोवती घुटमळल्या, मग गेल्या. यांचं काही थांबलं नाही. कालपासून पाणीसुद्धा चमच्यानं देतेय.

आज सकाळी मला म्हणाले, "टिटवी ओरडंना झाली. पिल्लं निघाली वाटतं."

मी हो म्हटलं.

"किती?"

"चार."

किती दिवसांनी हसले. संध्याकाळी खिडकीत बसव म्हणाले, पिल्लं बघायचीत.

तू लगेच नीघ. यांनी तुला विचारलं, तर मी सांगणार आहे तेच तूही सांग. टिटवीची पिल्लं मातीच्या रंगाची असतात. अंगणातच असतात, पण दिसत नाहीत.

तुझी,
अक्का