लाल दोऱ्याचा तुकडा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा नाजूक यंत्रांसाठी जाळीदार, लवचीक केबल विणण्याचा, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. फुप्फुसं गेली आहेत, डोकं जागेवर आहे.

१. राहत्या दोन खोल्या व बँकेतील शिल्लक मुलीला. जावयाने त्यात नाक खुपसू नये.

२. पकडी आणि सोल्डरिंगची हत्यारं कारागिरांनी वाटून घ्यावीत. चांगली कात्री शेजारच्या शिंप्याने नेली ती आणलीच नाही. आता ती त्याचीच समजावी.

३. धाकट्या भावाला काहीही देत नाही. कारण राग नव्हे. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणाल्या, आणि मला या कागदावर त्याचीच सही हवी आहे. पुढचं त्याने माझ्याशेजारी बसून वाचावं.

एकोणीस वर्षांपूर्वी इस्पितळाने हृदयाच्या यंत्राच्या केबल परत पाठवल्या. पडद्यावरची रेघ थरथरत होती. तांब्याची जाळी एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची असते, कोणीतरी दोन्ही टोकांना जोडली होती. चौकशी न करता मी सगळ्यांदेखत धाकट्याला कारखान्यातून हाकललं. आमच्याकडे प्रत्येक कारागीर आवरणाखाली आपल्या रंगाचा दोरा घालतो. त्याचा पिवळा, माझा लाल. दुसऱ्या दिवशी मी परत आलेली एक केबल चिरली. दोरा लाल निघाला. तो तुकडा डब्यात ठेवला आणि मूग गिळून बसलो. त्याची फार लाज वाटते.

४. (दुपारी जोडलेले.) कशासाठी बोलावलंय ते मुलीने सांगूनही धाकटा आला नाही. ती निरोप घेऊन आली: "काका म्हणाले, ओरडलास चारचौघांत, आणि कबुली बंद खोलीत देतोस होय रे दादा?"

बरोबर बोलला. तेव्हा कलम तीनमधील पहिले वाक्य रद्द. केबल विणायचं यंत्र धाकट्याला. मी गेल्यावर मुलीने काम थांबवून हा कागद कारखान्यात मोठ्याने वाचावा आणि तो तुकडा सगळ्यांच्या हातात द्यावा. हे मला आजही करता येईल. कारखाना जिना उतरला की आहे. पण छाती होत नाही.

लिहून देणार: सही

साक्षीदार १: वकीलबाई, सही

साक्षीदार २: पॅकिंगवाल्या मावशी, मी केबल चिरली तेव्हा हजर होत्या. सही करताना म्हणाल्या, "लाल होता, ते मला तेव्हाच दिसलं होतं. तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

ठिकाण: कारखान्यावरची खोली
दिनांक: नोव्हेंबरची सोळा, गुरुवार