अंतर आहे, विमान नाही

वन्सं,

दूध उतरवलं होतं, उशांचे अभ्रे भिजत घातले होते आणि मी मोरी घासत होते, तेवढ्यात शेजारची शिवणवाली मोबाइल नाचवत आली. (नमस्कार राहिलाच, तो आधी घ्या. गुडघा कसा आहे? जिना चढू नका.) तिने मोबाइलवर आमच्या गावाचा विमानतळ आणि तुमच्या गावाचा विमानतळ असं टाकलं होतं. खाली स्वच्छ लिहिलेलं, हवाई अंतर तीनशे किलोमीटर, वेळ पाऊण तास. पाऊण तास! तेवढ्यात माझे अभ्रेसुद्धा वाळत नाहीत.

आता तुम्हाला माहीतच आहे, मी वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्या वाचून. पाटीवर लिहिलंय म्हणजे माल आत असणारच, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मी मोरी तशीच टाकली, चांगली साडी नेसले, बॅग भरली आणि दोन्ही शेजारणींना सांगितलं की जेवायला नणंदेकडे चाललेय. (एकीने डोळे पुसले. मी परत येईन असं तिला वाटलं नसावं.)

विमानाच्या ऑफिसातला तिकीटवाला मुलगा सभ्य होता. म्हणाला, "काकू, हे नुसतं अंतर आहे. विमान नाही."

"अंतर आहे तर विमान कुठे गेलं?"

"सरळ उडत गेलात तर पाऊण तास, एवढंच त्याचं म्हणणं. पक्ष्यासारखं."

"मग पक्ष्याचं तिकीट दे!"

रांगेतले सगळे हसले, तोही हसला. मग म्हणाला, आधी उलट दिशेला मोठ्या शहरात जा, तिथे दुपारभर बसा, मग दुसरं विमान, ते आपल्याच गावावरून तिकडे जाईल. म्हणजे तुमच्याकडे यायला आधी तुमच्यापासून लांब जायचं, आणि मग माझ्याच वाळत घातलेल्या कपड्यांवरून उडायचं! मी बॅग उचलली आणि मागच्या गल्लीने घरी आले. मोरी वाट बघत होतीच. आता या वयात कुठे हिंडायचं, बरी आहे मी इथेच. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

तुमची भावजय

ता. क. बरी नाही. फोनवर तुम्ही "बरं का" म्हणता ना, शेवटी सूर वर नेऊन, ते हुबेहूब ह्यांच्यासारखं असतं. मी तेच तेच प्रश्न का विचारते, असं परवा तुम्ही चिडून म्हणालात. ते यासाठी. हे गेल्यापासून तो सूर आता फक्त तुमच्याकडे उरलाय. चार दिवस मला तुमच्या स्वयंपाकघरात बसू द्या. भाजी मी निवडीन, तुम्ही बोलत राहा. मधेच माझे डोळे भरले तर थांबू नका.

आणखी एक. वरचं सगळं काल लिहिलं. आज सकाळी पोस्टात जायला निघाले आणि बसस्टँडवर गेले. खिडकीजवळची जागा मिळाली आहे. पत्र हातातच देईन.