आबांनी आखलेली वाट

फोर्ट रेझोल्यूशन,
११ डिसेंबर १९५३

प्रिय बोनिफास दादा,

तू, मादलेन वहिनी आणि पोरं बरी असाल. इकडे आम्हीही बरे. यंदा तळ्याने मासा भरपूर दिला, कुत्री खाऊन खाऊन माजलीत. टपालाचं विमान आलंय, वैमानिक चहा पितोय तेवढ्यात लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

नाताळला येताना तळ्यावरून येऊ नका. किनारा धरून वळसा घाला आणि स्लेव्ह नदी मुखापासून बरीच वर, मोठ्या वळणापाशी ओलांडा. दोन दिवस जास्त लागतील, लागू देत. इकडचा बर्फ फार खडबडीत आहे, कुत्र्यांचे पंजे सोलवटतील.

तू म्हणशील, "आबांनी तळ्यावर फांद्या रोवून वाट आखलीय ना? मग पंजांची काय रड लावलीस?" दादा, खोटं सांगितलं मी. बर्फ आरशासारखा गुळगुळीत आहे.

मंगळवारी शेजारचा सेव्हरिन कुत्र्यांची गाडी घेऊन त्याच वाटेने निघाला होता. नदीच्या मुखासमोर त्याची मागची दोन कुत्री बर्फातून खाली गेली, मग तो स्वतः कमरेपर्यंत. कसाबसा वर आला. आमच्या चुलीपाशी थडथडत बसला आणि वर हसतोय, "म्हातारबांची वाट चुकायची नाही गं. मीच गाढव, फांद्या सोडून भलतीकडे गेलो असणार." मी त्याला चहा ओतून दिला.

तो कुठेही भलतीकडे गेला नव्हता. त्याच्या खुणा मी जाऊन पाहून आले. फांद्यांना धरूनच होत्या.

आबांना ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, दादा. उन्हाळ्यापासूनच. माणसाच्या ओठांकडे बघून अंदाजाने हसतात, म्हणून कुणाला कळलं नाही. तुला माहितीय, ते पहार आपटतात, आवाज ऐकतात आणि मग स्प्रूस झाडाची फांदी रोवतात. यंदा मी फांद्यांची गाडी घेऊन मागे होते. मुखापाशी पहार आपटली तेव्हा आवाज पोकळ आला. मला स्पष्ट ऐकू आला. आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एवढंसं तोंड झालं होतं त्यांचं! त्यांनी विचारलं, "घट्ट आहे ना गं?" चाळीस वर्षांत कधी कुणाला विचारलं नव्हतं त्यांनी. माझ्याने नाही म्हणवलं नाही. मी मान डोलावली. पुढेही दर वेळी डोलावत राहिले.

मला वाटलं, थंडी वाढेल, बर्फ आपोआप जाड होईल. पण मुखाशी प्रवाह खालून खातच राहतो, हे मला का ठाऊक नाही? पीस नदीचं, अथाबास्का नदीचं, सगळं पाणी तिथूनच तर तळ्यात शिरतं. आणि वर तुला निरोप धाडला, "वाट पक्की आहे, पोरांना घेऊन बिनधास्त या." तो निरोप आबांचा नव्हता, माझा होता. तेव्हापासून मला झोप नाही. डोळा लागला की वहिनीची गाडी दिसते, पोरं पांघरुणात गुंडाळलेली.

हवा बिघडतेय. विमान वाटेत अडकलं तर हे पत्र तू निघाल्यावर पोचेल. वैमानिकाला हात जोडलेत.

आणि आबा बाहेर गाडी बांधताहेत. म्हणतात, "नातवंडं येईपर्यंत मुखापाशी तळ ठोकतो, त्यांना आजोबाची वाट दाखवतो." आज लगेच निघायचं म्हणतात. त्यांना थांबवायचं तर ओरडूनच सांगावं लागेल, खुणांनी नाही कळायचं. अंगणात सेव्हरिन आहे, पाद्रीबाबा आहेत, अर्धी वस्ती विमान बघायला जमलीय. सगळ्यांसमोर त्यांची वाट खोटी ठरेल, बहिरेपण उघडं पडेल. आबा मला कधी माफ करतील असं वाटत नाही. मला फार भीती वाटतेय, दादा.

पत्र वैमानिकाच्या हातात देते आणि ओरडते.

खोटी मान डोलावणारी,
तुझी देल्फीन