आप्पा, आज गाडी भरून मोजली

प्रिय आप्पा,

आज दुपारी आपल्या दुकानात, चार माणसांदेखत, मी गिऱ्हाइकाला म्हणाले, "काका, चूक माझी आहे." तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, हेच तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

मंद्रूपचे रेवणसिद्धकाका आठवतात ना? कांद्याच्या गोण्या घेऊन मार्केट यार्डात येणारे, बोलताना सारखी टोपी मागे सारणारे. त्यांच्या पिकअपचं नाक नेहमी खाली झुकलेलं असायचं. गेल्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या एका गॅरेजात पुढच्या चाकांवर उंच स्ट्रट, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे स्प्रिंगचे दांडे, बसवून घेतले, म्हणजे गाडी पुढून-मागून एका पातळीत आली. उंची बदलली की चाकांचा कोनही बदलतो, म्हणून तिथून थेट अलाइनमेंटला आपल्याकडे आले. मी गाडी मशीनवर घेतली, चाकं सरळ केली. पडद्यावर सगळे आकडे हिरवे! कागद छापून त्यांच्या हातात ठेवला. किती ऐटीत ठेवला म्हणून सांगू!

आज ते परत आले. "पोरी, माल भरला की डावीकडं ओढतीया गाडी. हात भरून येतोय की माझा."

मी गाडी चालवून पाहिली. सरळ. मशीनवर घेतली. सगळं हिरवं.

"काका, यात तर काहीच दिसत नाही."

"मग मी खोटं बोलतोय व्हय?" मग स्वतःच म्हणाले, "त्ये स्ट्रटच भंगार असत्याल. जातो आन् भांडतो त्याच्याशी."

आप्पा, तुमच्यापाशी काय लपवू? मला सुटल्यासारखं वाटलं. जाऊ द्यावं त्यांना, कागद तर माझ्या बाजूने आहे. पण 'माल भरला की' हे शब्द डोक्यातून जाईनात. आणि तुम्ही आठवलात.

नवं सामान बसवलेली गाडी तुम्ही कधी लगेच हातात घेतली नाहीत. "आदी माल भरून एक खेप मार, मग ये," म्हणायचात. तो आला की मालासकट गाडी उभी करून, सुतळी ताणून चाकं मोजायचात. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. केवढी चिडायचे! "आप्पा, दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता? दुसऱ्याकडे जाईल ना!" तुम्ही हात पुसत म्हणायचात, "येतंय की गं. जातंय कुटं?"

असं का करता, हे एकदा तरी सांगायचं होतंत! मीही विचारलं नाही. जुनी सवय असेल, असं समजले. वजन टाकून मोजण्याबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेले, आणि तेच रोज करत होतात. तुमच्या सुतळीत आणि माझ्या पुस्तकात एकच गोष्ट आहे, हे मला तेव्हा का दिसलं नाही?

काका गाडीत बसलेही होते. मी धावत गेले. "थांबा! स्ट्रट चांगले असतील. चूक माझी आहे. मी गाडी रिकामी मोजली."

त्यांनी टोपी मागे सारली. बाकावर बसलेली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, आप्पाच्या माघारी दुकान गेलं म्हणून.

"तुजा बाप चूक कबूल करायला दोन चहा घ्यायचा," काका म्हणाले. "तू बिनचहाचीच केलीस की!"

सगळे हसले. मीही. खरंच का हो आप्पा? घरी तर तुमची कधी चूकच व्हायची नाही!

काका यार्डाकडे गेले आणि परतीचा माल, पेंडीची पोती, भरून आले. गाडी मशीनवर चढली. डाव्या चाकाचा आकडा लाल! ओझ्याखाली ती बाजू जास्त दबत होती. पोती तशीच ठेवून मी चाकं पुन्हा लावली. मग काकांना शेजारी बसवून विजापूर रोडला गेले. स्टिअरिंगवरचा हात हलका केला. गाडी सरळ चालली होती, आप्पा. भरलेली गाडी!

"आता एका हातानं तंबाखू मळत जातो," काका म्हणाले.

"अजिबात नाही!" मी ओरडले.

पुढे दुकानात मशीन आलं, तर तुम्ही त्याला 'टीव्ही' म्हणायचात. "तुज्या टीव्हीत काय दिसतंय गं?" मला राग यायचा. पण गिऱ्हाईक आलं की तुम्हीच बाजूला सरायचात, "हिलाच इचारा, शिकल्याली हाय ती," म्हणायचात. वीस-पंचवीस वर्षं या कामात घालवलेला माणूस माझ्यासाठी बाजूला सरत होता! मला तुमचा अभिमान वाटतो, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. आज सांगते. आणि आज थोडा माझाही वाटतो. चालेल ना?

एक वचन देते. माझ्या हाताखाली जो कुणी शिकायला येईल, त्याला 'असं कर' एवढंच सांगून सोडणार नाही. 'का' तेही सांगेन. आणि मलाच माहीत नसेल, तर माहीत नाही असं त्याच्या तोंडावर म्हणेन.

तुमची,
शिवलीला