के-लॉग-डीला रजा दिली

५ मार्च २००७, सोमवार, सकाळी १०.१५
आजपासून मी पनवेलच्या आमच्या वधू-वर सूचक मंडळाचा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पद मीच सुचवलं, मीच स्वीकारलं. जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं. आत ११४० स्थळं. २५ तारखेला सुकापूरला मेळावा.
संकल्प : रोज अर्धा तास लॉग, म्हणजे मशीनची रोजनिशी, वाचणे.
मंडळाच्या अध्यक्षा भीमाबाईंना समजावलं. कर्नल म्हणजे मशीनचा जीव. तो सारखा काही ना काही सांगत असतो. के-लॉग-डी नावाचा डीमन मागे बसून ते ऐकतो, सिस-लॉग-डीकडे देतो आणि तो फाइलमध्ये लिहितो. भीमाबाई म्हणाल्या, “डीमन म्हंजे राक्षस ना? मंग हापिसान कशाला ठेवलास?” अज्ञान!

७ मार्च
लॉग वाचला. अकरा ओळी. नऊ कळल्या नाहीत. बाकी दोन तारखा होत्या.

१० मार्च, दुपारी
कटकट. किशोरी (डेटा एंट्री, वाशीला कोर्स केलाय, त्याचं फार कौतुक) एका मुलाची उंची टाइप करत होती आणि मध्येच स्क्रीनवर कर्नलचा मेसेज : ड्राइव्हरेडी, सीककम्प्लीट, एरर. ती म्हणाली, “दीपेशदादा, डिस्क तक्रार करतेय. बॅकअप घ्या.” मी शांतपणे दाखवून दिलं, ड्राइव्ह रेडी आहे, सीक कम्प्लीट आहे. तीनातल्या दोन बातम्या चांगल्या. बहुमत आपलं.

१२ मार्च
मोठा विजय! के-लॉग-डीला एक सेटिंग असतं. त्याने मेसेज स्क्रीनवर येत नाहीत, गुपचूप फाइलमध्ये जातात. स्क्रीन लख्ख. भीमाबाई खूश. म्हणाल्या, “आता कसा गप हाय!” मी नम्र राहिलो. पाच मिनिटं.

१५ मार्च
फाइल फुगली. सहाशे ओळी. रोज अर्ध्या तासात कोण वाचणार? उपाय मुळावरच केला. के-लॉग-डी बंद. किशोरीने विचारलं, मग मेसेज जाणार कुठे? म्हटलं, कर्नलपाशी छोटी जागा असते, ती भरली की नवे जुन्यांवर बसतात. “म्हणजे जुन्या तक्रारी पुसल्या जाणार?” हो! याहून सुखी संसार कुठला?

१६ मार्च
लॉग वाचला. कर्नलची एकही ओळ नाही. मशीन ठणठणीत. वाचायला चार सेकंद. संकल्प पूर्ण!!

१८ मार्च, रविवार
बॅकअपचा दिवस. पण कर्नाळ्याला सहल निघाली. पक्षी दिसला नाही, वडापाव उत्तम. बॅकअप पुढच्या रविवारी.

२० मार्च
पुढच्या रविवारी मेळावा आहे. शनिवारी घेऊ.

२२ मार्च
मशीनमधून टक्-टक् आवाज. पंखा असणार. खाली पेपरची घडी घातली. आवाज कमी झाला. निदान मला तरी.

२४ मार्च, शनिवार, दुपारी १२
बॅकअपला बसलो. मशीन सुरू होईना. काळी स्क्रीन. टक्.

दुपारी १२.४०
अजून टक्.

दुपारी १.१०
भीमाबाईंनी विचारलं, “पोरींच्या आयबापांना उद्या काय दाखवू? तुजा राक्षस?” अकराशे घरांतून माणसं येणार. मी विजेच्या बोर्डाला दोष दिला. मग पनवेलच्या हवेला.
किशोरीने पर्समधून सीडी काढली. काल संध्याकाळी सगळी यादी कॉपी करून ठेवली होती. म्हणाली, “आवाज पंख्याचा नव्हता, दादा.” आजचे सात फॉर्म कागदावर आहेतच. भीमाबाईंनी तिची अलाबला घेतली. माझ्याकडे पाहिलंही नाही.
बॅकअपचं वातावरण ऑफिसात मीच तयार केलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

२५ मार्च
मेळावा जोरात. पाच ठिकाणी बोलणी सुरू. मला पाण्याच्या पिंपापाशी उभं केलं होतं. जबाबदारीचं काम. फार तहान असते लोकांना.

२७ मार्च, सकाळी ११
नवी डिस्क. लिनक्स पुन्हा मीच टाकलं, पासवर्ड जुनाच. किशोरीने के-लॉग-डी सुरू केला. भीमाबाईंनी सांगितलं, आजपासून मशीन तिच्याकडे, तिला पासवर्ड दे. मी उभा राहिलो, घसा साफ केला. म्हटलं, हा पासवर्ड मी आजवर कुणालाही सांगितला नाही.
किशोरी म्हणाली, “माहितेय दादा. मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलीय ना तुम्ही.”
चिठ्ठी काढून खिशात ठेवली.