फी नसलेल्यांचे शनिवार

बाई, तुमचे शनिवार चालू ठेवायचे की बंद करायचे, हे उद्याच्या मीटिंगमध्ये ठरणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. नव्या भागीदारांचं म्हणणं असं, की फी न घेता केसेस चालवण्यात आपली माणसं वर्षानुवर्षं अडकून पडतात. त्यापेक्षा एखाद्या संस्थेला देणगी द्यावी आणि मोकळं व्हावं. शेवटचा शब्द माझाच, असंही ते आदराने म्हणतात. मी फार थकले आहे, बाई.

घाटकोपरचं आपलं ऑफिस आठवतं. मिलचा संप मोडला होता, त्यानंतरची ती वर्षं. खाली पिठाची गिरणी, ती सुरू झाली की आपली टेबलं थरथरायची आणि फायलींवर पांढरा थर बसायचा. शनिवारी दुपारी जिन्यावर माणसं बसलेली असायची. त्यांच्यासाठी तुमचा एकच नियम होता: काहीतरी विचारल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. फी देत नाही म्हणून ही माणसं प्रश्न गिळतात आणि नको तिथे अंगठा देऊन बसतात, असं तुम्ही म्हणायचा. मला त्या नियमाचा जाच व्हायचा. माझी मुलगी शेजारणीकडे ठेवलेली असायची आणि समोरचा माणूस छताकडे बघत प्रश्न शोधत असायचा.

मुलुंडच्या चाळीतली ती मालवणी बाई तुम्हाला नक्की आठवत असेल. नवरा मिलमधला, संपानंतर वारलेला, आणि दीर तिला दोन मुलींसकट खोलीतून बाहेर काढायला निघालेला. ती पदराचं टोक मुठीत धरून बसलेली आहे. ‘‘विचारा काहीतरी,’’ तुम्ही म्हणता. ‘‘माका काय कळता त्यातला?’’ ती म्हणते. मी घाईघाईने म्हणते, ‘‘काही नाही ना? मग या तुम्ही.’’ आणि तुम्ही तिच्यादेखत मला झापता, ‘‘पैसेवाला तासभर डोकं खातो, तेव्हा बरी हसत ऐकतेस गं!’’ माझे कान तापले होते. खालची गिरणी तेवढ्यात बंद पडली, त्यामुळे जिन्यावरच्यांनीही सगळं ऐकलं.

मग तिने विचारलं, ‘‘बाई, केस हरलो तर मग मी इथे यायचं की नाही?’’

तुम्ही चष्मा काढून पुसलात. ‘‘हरलो तर आधी यायचं. जिंकलात, तर पेढे घेऊन सावकाश या.’’

आपण हरलो. ती दुसऱ्याच दिवशी आली, खुर्चीत बसली आणि कुणी न सांगता म्हणाली, ‘‘आता पुढे काय?’’ अपिलात स्टे मिळाला. नंतर तुम्ही गेलात, ती फाईल माझ्याकडे आली. तारखांवर तारखा पडत राहिल्या, पण त्या खोलीतून तिला कुणी हलवू शकलं नाही. दोन्ही मुलींची लग्नं तिथूनच झाली.

आता आपलं ऑफिस अंधेरीला आहे, काचेचं, गार. गेल्या शनिवारी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधला माणूस आला होता. मशीनमध्ये हात गेलाय आणि मालक म्हणतो, हा आमच्याकडे कामालाच नव्हता. मी त्याला म्हटलं, विचारा. त्याने विचारलं, आणि मग विचारतच राहिला. मी उत्तरं दिली, सगळी नीट दिली. पण मनात एकच होतं, हा कधी उठतोय.

उद्या मी शनिवार चालू ठेवा असंच म्हणणार आहे, आणि ठासून म्हणणार आहे. तुमचं नाव घेतलं की ते बहुधा ऐकतीलही. फक्त बाई, त्यांनी ऐकलं नाही तर मला सुटल्यासारखं वाटेल. हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती.